ओटीवर आणलेलं बर्फाचं कपाट

माझ्या हातून एक वाईट गोष्ट झाली, ती आधी सांगून टाकतो. घरातलं बर्फाचं कपाट माझ्यामुळे बिघडलं आणि त्याचा आळ मी माझ्या सख्ख्या थोरल्या बहिणीवर घेतला. नुसता मनात घेतला असता तर निदान मलाच जाळत राहिला असता. मी तो चार परक्या माणसांसमोर तोंडाने बोललो. दुसऱ्या दिवशी सकाळी ती आपली ट्रंक घेऊन माझ्या घरातून निघून गेली आणि मी तिला अडवलं नाही.

हे पोलादपूरला घडलं. मी तिथे रस्त्याच्या कामावर ओव्हरसियर होतो. बायको लग्नानंतर सहाव्या वर्षी गेली, मूलबाळ नव्हतं. बायकोचं दिवसकार्य आटोपलं आणि आक्का माझ्याकडेच राहिली. तिचं सासर वरंधला. नवरा तरुणपणीच गेलेला, पोटी कोणी नाही, दिराच्या घरात एका कोपऱ्यात दिवस काढत होती. मी म्हणालो, "तू इथेच राहा." ती म्हणाली, "ऱ्हातेच. तुझ्या हातचं खाऊन तू महिनाभर पन टिकायचा नाय." त्यावर दोघंही हसलो. तेराव्याच्या दुसऱ्या दिवशी घरात हसू आलं म्हणून लगेच गप्पही झालो. त्यानंतर आठ वर्षं आम्ही दोघं एकत्र राहिलो. मी सकाळी कामावर जायचो, संध्याकाळी यायचो. ती दारात उभी नसायची, पण चुलीवरच्या भाताचा वास दारापर्यंत आलेला असायचा. तेवढं पुरायचं.

कपाट घरात आलं ते एका इंजिनियरमुळे. पुलाच्या कामासाठी तो बायकोमुलांसह दोन वर्षं आमच्या भागात राहिला होता. त्याची बदली लांब झाली तेव्हा एवढं जड धूड बरोबर कुठे न्यायचं, म्हणून त्याने ते मला देऊन टाकलं. पोलादपूरला तेव्हा आमच्या आळीत वीज नव्हती. हे कपाट रॉकेलवर चालायचं. खालच्या बाजूला रॉकेलची टाकी, खणासारखी बाहेर ओढता येणारी. तिच्यावर गोल वातीचा बर्नर. त्या ज्योतीची धग मागच्या धुराड्यातून वर जायची आणि त्या धगीने वरच्या पेटीत बर्फ धरायचा. हे कसं होतं ते इंजिनियरने मला दोनदा समजावलं आणि दोन्ही वेळा मी कळल्यासारखी मान हलवली.

माझा मुकादम ते पाहायला खास घरी आला होता. वाकून खालची ज्योत बघायचा, मग उठून वरच्या पेटीला हात लावायचा.

"साहेब, खाली चूल नि वर बरफ? ह्यात कायतरी लबाडी हाय."

आक्का आतून म्हणाली, "लबाडी कसली? माझी सासू अशीच व्हती. आतनं जळायची नि वरनं थंडगार."

आक्का त्या कपाटात शिजवलेलं अन्न कधी ठेवायची नाही. "आजचं उद्या ज्याला खायचं त्यानं ठेवावं," म्हणायची. दूध, लोणी, माझ्यासाठी पाण्याच्या दोन बाटल्या, बस. पण ती त्याची देखभाल मात्र अशी करायची की तशी मी माझ्या सायकलचीही कधी केली नाही. इंजिनियरच्या बायकोने तिला एका दुपारी सगळं शिकवलं होतं आणि ती एका दुपारीच शिकली होती. रोज सकाळी टाकी ओढायची, वातीची जळकी कड कात्रीने सारखी कापायची, काच पुसायची, रॉकेल फडक्यातून गाळून भरायची. आठवड्यातून एकदा धुराड्यात तारेचा ब्रश फिरवून काजळी काढायची. पेटीवर बर्फाचा जाड थर चढला की ज्योत विझवून दार उघडं ठेवायची, बर्फ आपोआप वितळू द्यायची आणि आतून सगळं कोरडं पुसून घ्यायची. मी एकदा सुरीने बर्फ खरवडायला गेलो तर माझ्या हातून सुरी काढून घेतली. "आत नळ्या हायत. भोसकशील."

इंजिनियरने मला मात्र जाताना एकच गोष्ट सांगितली होती. कपाट ठेवाल तिथे अगदी सपाट ठेवा, एका बाजूला जरा जरी कललं तरी ते बर्फ धरणार नाही. मी हो म्हणालो. मनात म्हणालो, सपाटीचं मला कोण शिकवणार? दिवसभर मी दुसरं काय करत होतो!

दीड वर्ष ते माजघरात भिंतीपासून वीतभर अंतर ठेवून उभं होतं आणि एकदाही कुरकुरलं नाही. मग मला बुद्धी सुचली. माजघरात ते कोणाला दिसायचं नाही. कामावरचे लोक, तालुक्याचे कारकून, येणारेजाणारे ओटीवर बसायचे आणि उठून जायचे. पोलादपुरात असं कपाट माझ्याखेरीज कोणाकडे नव्हतं, निदान मला माहीत नव्हतं, आणि ते माजघरातल्या अंधारात पडून होतं. मी ते ओटीवर आणायचं ठरवलं.

आक्का म्हणाली, "तिथं नको. तिथली जमीन बसते."

"बसते म्हणजे?"

"दर सारवणाला मला त्या कोपऱ्यात चार ओंजळी माती जास्ती लागते. भरते नि परत खाली जाते."

आमचं घर उतारावर होतं. मागची बाजू खडकावर आणि पुढची ओटी भराव घालून वर आणलेली. हे मला दिसत होतं. भराव किती वर्षं बसत राहतो हे मला तिच्यापेक्षा चांगलं माहीत असायला हवं होतं, कारण त्याचाच मी पगार घेत होतो. पण मी म्हणालो, "रस्त्याचा ओव्हरसियर मी आहे की तू?"

ती म्हणाली, "रस्त्याचा तू हायस. घराची मी सारवते." आणि आत गेली.

चार गडी लावून कपाट ओटीवर आणलं. छान दिसत होतं. पांढरंशुभ्र, कोपऱ्यात, रस्त्यावरून जाणाऱ्यालाही दिसेल असं.

पहिले दोन-तीन महिने काही झालं नाही. पावसाळा गेला. मग बर्फ उशिरा धरायला लागला, मग अर्धवट, मग नुसतं पाणी गार. दूध एक दिवस फाटलं, मग आणखी एक दिवस. मी संध्याकाळी घरी आलो की ज्योत बघायचो. ती मला बारीक वाटायची. मी वात वर करायचो. ज्योत पिवळी होऊन वर धूर धरायची, पण मला वाटायचं, धग वाढली म्हणजे गारवा वाढेल. सकाळी आक्का वात पुन्हा खाली करून ज्योत निळी करून ठेवायची, कारण तिला तसंच शिकवलेलं होतं आणि तेच बरोबर होतं. मी वर करायचो हे तिला सांगितलं नव्हतं, ती खाली करायची हे तिने मला सांगितलं नव्हतं. एकाच घरात दोन माणसं एका वातीशी अशी वागत होती आणि रॉकेल मात्र दुपटीने जळत होतं.

रॉकेल लवकर संपतंय हे माझ्या लक्षात आलं आणि त्यातून मी जे केलं ते लिहायला अजून हात धजत नाही. टाकीला बाहेरून काचेची बारीक नळी होती, तिच्यात रॉकेल कुठवर आहे ते दिसायचं. एका सकाळी कामावर निघताना मी नळीशेजारच्या पांढऱ्या रंगावर पेन्सिलीने एक रेघ मारली. संध्याकाळी येऊन पाहिलं. दुसऱ्या दिवशी आणखी एक मारली. मी माझ्या बहिणीवर पाळत ठेवली होती. कारण काय, तर शेजारच्या घरी बाळंतपण होतं तेव्हा आक्काने त्यांना कंदिलापुरतं वाटीभर रॉकेल दिलं होतं. दिलं हे तिनेच मला जेवताना सांगितलं होतं. लपवलेलं काहीच नव्हतं. पण माणसाला संशय घ्यायचा असला की उघड सांगितलेली गोष्टही पुरावा होते.

एका रविवारी माझे वरिष्ठ साहेब सपत्नीक महाबळेश्वरहून उतरताना आमच्याकडे थांबणार होते. बरोबर ऑफिसातले आणखी दोघे. मी आठवडाभर आधीपासून सांगत फिरत होतो की साहेबांना बर्फ घातलेलं कोकम सरबत देणार. पोलादपुरात, बर्फ घातलेलं. आदल्या संध्याकाळी मी वात जेवढी वर जाईल तेवढी केली.

साहेब आले, ओटीवर बसले. मी ऐटीत उठलो, कपाटाचं दार उघडलं, पेटीतून बर्फाचा ट्रे ओढला. ट्रेमध्ये पाणी होतं. गारसुद्धा म्हणवेना.

साहेब मोठ्याने हसले. "ओव्हरसियर, कपाट झकास आहे हो. धोतरं ठेवा यात."

सगळे हसले. मीही हसलो असतो तर काही बिघडलं नसतं. तेवढ्यात आक्का सरबताचं भांडं घेऊन माजघराच्या दारात आली होती. मी तिच्याकडे बोट करून म्हणालो, "काय करणार साहेब, मी दिवसभर रस्त्यावर. इथे आमच्या आक्का ज्योत मिणमिणती करून ठेवतात आणि रॉकेल आळीत वाटतात. मग कुठला बर्फ?"

साहेबांच्या बायकोने खाली पाहिलं. आक्काने भांडं पाटावर ठेवलं, पदर सारखा केला आणि विहिरीच्या पाण्यातलं सरबत सगळ्यांना आपल्या हाताने दिलं. साहेबांच्या बायकोने मुद्दाम दुसऱ्यांदा मागून घेतलं. ती मंडळी गेल्यावर मी आक्काकडे न बघता बाजारात निघून गेलो.

परत आलो तर ती ओटीवर कपाटापुढे उकिडवी बसली होती. टाकी बाहेर ओढलेली. तिला लिहितावाचता येत नव्हतं, पण ती बोटाने एकेक रेघ दाखवत होती.

"ह्या रेघा कशाच्या रे?"

"कसल्या?"

"मी नाय मारल्या. उंदीर पेन्सिल घेऊन फिरत नाय."

मी म्हणालो, "रॉकेल किती जळतं ते बघत होतो."

"जळतं ते बघत व्हतास, का जातं ते?"

तिने टाकी आत ढकलली आणि जेवायला वाढलं. तिच्या पानात तिने काय घेतलं ते मी पाहिलं नाही.

सकाळी उठलो तर ट्रंक ओटीच्या पायरीवर होती. ती वरंधला, दिराकडे जायला महाडच्या गाडीला निघाली होती. चूल सारवलेली, माझा डबा भरलेला. मी एवढंच विचारलं, "किती दिवस?" ती म्हणाली, "बघू." मी ट्रंक उचलून स्टँडवर न्यायला हवी होती. मी म्हणालो, "मला कामावर उशीर होतोय." मुकादम रस्त्यात भेटला, त्याने तिची ट्रंक डोक्यावर घेतली. हे मला त्यानेच नंतर सांगितलं. सांगताना नेहमीसारखी थट्टा केली नाही.

पहिले दोन दिवस मला राग होता. तिसऱ्या दिवसापासून घर ऐकू येऊ लागलं. म्हणजे घरात काही वाजत नव्हतं, आणि ते ऐकू येत होतं. आठ वर्षं पलीकडच्या खोलीत कोणीतरी भांडं ठेवत असतं, खोकत असतं, कोंबडीला हाकलत असतं, आणि आपण समजतो ही शांतता आहे. खरी शांतता वेगळी असते. मी पिठलंभात करायचो आणि उभ्याउभ्या खायचो, कारण एकट्यासाठी पाट मांडायचा कशाला? संध्याकाळी कोणी ओटीवर आलं तर बसा म्हणायचो, पण कपाट उघडून दाखवायला त्यात काही नव्हतं. हळूहळू येणारेही कमी झाले. तेव्हा मला समजलं की लोक बर्फासाठी यायचेच नाहीत. आक्काच्या चहासाठी आणि तिच्या तिखट बोलण्यासाठी यायचे.

चौथ्या दिवशी रविवार नसताना मी घरी राहिलो आणि कपाट दुरुस्त करायला बसलो. खरं सांगायचं तर मला ते दुरुस्त करायचं नव्हतं. तिची चूक सापडायला हवी होती. वात वेडीवाकडी कापलेली सापडली असती, धुराडं काजळीने भरलेलं सापडलं असतं, तर मी मोकळा झालो असतो.

टाकी ओढली. वात पाहिली. तिची कड सगळीकडून सारखी, जणू कंपासने आखलेली. फक्त वरून जळलेली, आणि ती मी चार रात्री वर करून ठेवल्यामुळे. काच स्वच्छ. धुराड्यात ब्रश घातला, तर माझ्या पिवळ्या ज्योतीची ताजी काजळी निघाली, तिच्याखाली जुना थर नव्हताच. रॉकेल पेल्यात काढून उजेडाला धरलं. कचरा नाही, पाणी नाही. मग दाराचं रबर. इंजिनियरची बायको करायची तसं दारात कागदाची पट्टी अडकवून दार लावलं आणि पट्टी ओढली. चारी बाजूंनी पट्टी घट्ट, फाटली पण सुटली नाही. रबराच्या घडीत बोट फिरवलं, तिथे कणभरही मळ नव्हता. पेटीवर बर्फाचा जुना थर नव्हता. मागच्या जाळीवर जळमट नव्हतं.

मी एकेक जागा तपासत गेलो आणि प्रत्येक जागी तिचा हात फिरलेला दिसत गेला. दुपारपर्यंत तपासायला काही उरलं नाही. मी जमिनीवर बसून राहिलो. आक्काची काही चूक नाही हे मला त्याच वेळी कळलं होतं. तरी मी कबूल केलं नाही. म्हटलं, यंत्रच बिघडलं असेल.

महाडच्या बाजारात स्टोव्ह आणि गॅसबत्त्या दुरुस्त करणारा एक म्हातारा मिस्त्री बसायचा. असली रॉकेलची कपाटं त्याने पूर्वी हाताळली होती असं कळलं. पुढच्या बाजाराच्या दिवशी त्याच्याकडे गेलो. तो गॅसबत्तीची जाळी बांधत होता, मान वर न करता विचारत गेला.

"ज्योत?"

"निळी."

"धुराडं?"

"साफ."

"रबर?"

"पक्कं."

"जागेवरून हलवलं?"

"हो. पण दोनतीन महिने चाललं त्यानंतर."

"घरात त्याचं कोण बघतं?"

"माझी बहीण बघायची."

"मग तिला विचारा ना, काय झालं. मला काय विचारता?"

त्याने मान वर केली आणि माझ्याकडे नीट पाहिलं. माझ्या खांद्याला कामाची पिशवी होती. पिशवीतून एक लाकडी पट्टी बाहेर डोकावत होती.

"ते काय?"

"पाणसळ."

पाणसळ म्हणजे लाकडी पट्टीत बसवलेली काचेची नळी. नळीतला बुडबुडा मधोमध आला की काम सपाट. मी ती रोज पन्नास ठिकाणी लावायचो. बुडबुडा सूतभर सरकला तर गवंड्याची इज्जत काढायचो.

मिस्त्री म्हणाला, "कपाटावर लावली?"

मी लावली नव्हती. तो हसला नाही, यासाठी मी त्याचा आजही ऋणी आहे. एवढंच म्हणाला, "यांच्या पोटात मोटर नसते, साहेब. आतलं औषध आपल्या वजनाने नळ्यांतून फिरतं. कपाट कललं की ते एका जागी तुंबतं. नुसतं सरळ करून आता भागणार नाही. रिकामं करा, टाकी काढा आणि दिवसभर डोक्यावर उलटं उभं करून ठेवा. मग सरळ करा, आणखी एक दिवस शांत उभं राहू द्या आणि मग पेटवा."

घरी येऊन पाणसळ कपाटावर ठेवली. बुडबुडा एका टोकाला जाऊन चिकटला. कोपऱ्यातला मागचा पाय दोन बोटं जमिनीत गेला होता. त्याच्याभोवती सारवणाचे थर होते, एकावर एक, ताजे. ती शेवटच्या आठवड्यापर्यंत तिथे ओंजळीने माती भरत होती. मला काही न बोलता, कारण बोलून उत्तर काय मिळालं होतं ते तिला आठवत असणार.

मुकादमाने चार गडी आणले. माजघरात, खडकावरच्या जुन्या जागी, आम्ही कपाट उलटं उभं केलं. आतून गुडगुड आवाज आला.

"साहेब, कपाटाला शीर्षासन?"

"हो."

"आमच्या गावच्या सावकाराला पन असंच करायला हवं. आतलं तुंबलेलं भायेर यील." गडी हसले. मग आवाज खाली आणून तो मला म्हणाला, "आक्कांना न्हाय का बलवायचं, साहेब? त्यांनी ह्ये बघाया हवं व्हतं."

"बघू," मी म्हणालो. तिचाच शब्द माझ्या तोंडी आला, पण तिच्या तोंडी तो शोभला होता.

तिसऱ्या दिवशी ज्योत पेटवली आणि चौथ्या दिवशी ट्रेमध्ये बर्फ होता. घट्ट, पांढरा, आतून बारीक बुडबुड्यांचा. मी एक तुकडा पाण्यात टाकून प्यायलो. दुसरा पेला भरला आणि तो कोणाला द्यायचा ते सुचेना. तो तसाच कपाटावर राहिला, संध्याकाळी त्यातला बर्फ विरघळून गेला. कपाट उघडलं की पांढऱ्या रिकाम्या फळ्या दिसायच्या आणि एक बाटली. मी दार जरा वेळ उघडं ठेवून उभा राहायचो. मग आतला गारवा जातो म्हणून लावून टाकायचो.

त्या दिवसापासून माझ्याकडे सबब नव्हती. वरंध काही परदेशात नव्हतं. पोलादपूरहून महाड, महाडहून बिरवाडीवरून वरंध, सकाळी निघालं तर दुपारच्या जेवणाला तिथे. पण मी गेलो नाही. पत्र लिहावं म्हटलं, तर ते तिला कोणीतरी वाचून दाखवणार आणि घरभर ऐकणार, म्हणून लिहिलं नाही. ही माझी सोय होती, तिची नव्हे. शेवटी त्या बाजूला जाणाऱ्या एकाबरोबर तोंडी निरोप पाठवला, "कपाट चालू झालं म्हणून सांग." फक्त एवढाच. त्याने परत येऊन तिचं उत्तर सांगितलं. ती म्हणाली होती, "बरं झालं. माणूस कसा हाय?" त्या प्रश्नाला मी उत्तर पाठवलं नाही.

असे दहा महिने गेले. दिवाळी आली नि गेली. भाऊबीजेच्या दिवशी मी कामावर गेलो, काम बंद असूनही. रस्त्यावर एकटा फिरलो, कुठेकुठे पाणसळ लावून पाहिली आणि परत आलो. ओवाळायला कोणी नव्हतं आणि ते माझ्यामुळेच नव्हतं. त्या दिवशी मी ठरवलं की जायचं, आणि तरी आणखी दीड महिना घेतला.

वरंधला गेलो तेव्हा तिची जाऊ ओटीवर वाल निवडत होती. म्हणाली, "त्या सवला गेल्यात. गुडघं धरल्यात त्यांचं. तिथं आमची नणंद हाय, आठ दिस तिच्याकडं ऱ्हाऊन तिथल्या ऊन पान्याच्या कुंडात पाय शेकनार." मी पाणी प्यायला आत गेलो, तेव्हा मागच्या पडवीत तिची ट्रंक दिसली. ट्रंकेवर घडी केलेली गोधडी. एका बाजूला भाताची पोती, दुसऱ्या बाजूला गुरांचा कडबा. मधे एका माणसाच्या अंथरुणाएवढी जागा. माझ्या पोलादपूरच्या घरात त्या वेळी तीन खोल्या रिकाम्या होत्या.

रात्री महाडला मुक्काम केला आणि सकाळी सवला गेलो. गरम पाण्याच्या कुंडाशी सातआठ बायका होत्या, कोणी पाय सोडून, कोणी लुगडी धूत. आक्का कडेच्या दगडावर गुडघ्यापर्यंत पाय पाण्यात सोडून बसली होती. केस बरेच पांढरे झाले होते. मी लांबच उभा राहिलो. तिने पाहिलं.

"आला वाटतं ओव्हरशेर."

एकीने विचारलं, "कोन गो?"

"माझा भाऊ. बरफवाला." बायका हसल्या. "कपाट परत बिघडलं काय रे?"

"नाही. चालू आहे."

"मग गुडघं दुखतात?"

"नाही."

मी जवळ गेलो. शेजारची म्हातारी उठू लागली, तर आक्काने तिचा हात धरला. "बस गो. तू उठायचं कारन नाय." मग माझ्याकडे वळून म्हणाली, "हे बघ, एक आधी सांगते. मी आता पोलादपूरला यायची नाय. तिकडं तुझं घर हाय. माझं हाय तसं हाय. न्यायला आला असशील तर नणंदेकडं चल, चा पी, नि दुपारच्या गाडीनं जा. दुसरं काय बोलायचं असंल तर बोल."

मी येताना गाडीत जे सगळं ठरवून आलो होतो, त्याची सुरुवात "चल घरी" अशी होती. ती सुरुवातच तिने काढून घेतली. आता बोलून मला काही मिळणार नव्हतं. ती परत येणार नव्हती, घर तसंच राहणार होतं, मी तसाच उभ्याने जेवणार होतो. बायका धुणं थांबवून माझ्याकडे बघत होत्या. मला वाटलं, हिला बाजूला घेऊन बोलावं. मग वाटलं, आळ मी काही तिला बाजूला नेऊन घेतला नव्हता.

चपला काढल्या, ओल्या दगडावर तिच्यासमोर उभा राहिलो आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणालो, "आक्का, रॉकेल तू आळीत वाटलं नव्हतंस. ज्योत तू ठेवत होतीस तशीच बरोबर होती. जमीन बसते हे तू सांगितलंस, तरी कपाट मी ओटीवर नेलं. वात मी वर केली, रॉकेल मी जाळलं, तुझ्यावर पाळत मी ठेवली आणि चार माणसांत नाव मात्र तुझं घेतलं. तू निर्दोष आहेस हे मला तू गेल्यावर पंधरा दिवसांत कळलं होतं, आणि इथवर यायला मी वर्ष घालवलं. मी चुकलो, आक्का. मला क्षमा कर."